सहा इंची भिंतीतला वाडा

'वाडा लूक' नावाचा एक माल हल्ली पुण्यात मिळतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शिरलं की डाव्या हाताला एक कोरीव खांब दिसतो. तो छताला टेकलेला असतो, पण छत त्याच्यावर टेकलेलं नसतं. खांबापाशी पितळेचं घंगाळ, घंगाळात पाणी, पाण्यात जरबेराची फुलं आणि त्या फुलांकडे डोळे मिटून बघत बसलेला बुद्ध. पेशव्यांच्या घरात बुद्ध कुठून आला, असं विचारायचं नसतं. तो सगळ्याच लूकमध्ये असतो. राजस्थानी घेतला तरी येतो, बालीचा घेतला तरी येतो, आणि काहीच नको म्हटलं तर 'मिनिमल' म्हणून एकटाच येतो.

आमच्या घराचं काम काढलं तेव्हा आलेल्या डिझायनर मुलाने हे सगळं लॅपटॉपवर गोल गोल फिरवून दाखवलं. मुलगा गुणी होता, चहाचा कप स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवून आला. त्याने मला विचारलं, "काकू, तुमचं व्हिजन काय आहे?" ओट्याखालची झुरळं जावीत, हे माझं व्हिजन. ते त्याने लिहून घेतलं नाही. नवऱ्याने मात्र स्क्रीनवरच्या खांबावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हा भार किती घेतो?"

"भार नाही घेत काका. हा फील देतो."

माझा नवरा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जन्मभर लोकांच्या खांबांचे हिशेब तपासलेल्या माणसाला, आपल्याच दिवाणखान्यात एक खांब नुसता फील देत उभा राहणार, ही कल्पना सोसेना. रात्री जेवताना त्याने जाहीर केलं की आधी मूळ वाडे नीट बघायचे, काय घेण्यासारखं आहे ते मापासकट टिपायचं आणि मगच सुताराला बोलवायचं. खिशात पाच मीटरची टेप टाकून तो तयारच झाला.

आमच्याबरोबर आत्या आली. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, नारायण पेठेतल्या वाड्यात जन्मली, वाढली, आणि लग्न होऊन दुसऱ्या वाड्यात गेली. म्हणजे आमच्यात या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेली तीच एकटी. तिच्या अटी दोन: चहा वेळेवर आणि जिने नकोत. वाडा बघायचा आणि जिने नकोत, ही अट कशी पाळायची ते तिने आमच्यावर सोपवलं.

पहिला अर्थातच विश्रामबागवाडा, कारण तो लक्ष्मी रोडच्या खरेदीत बसतो. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला आणि शनिवारवाडा सोडून इथेच राहणं त्याला जास्त आवडायचं. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ साली आग लागून बराच भाग जळाला, पुढे कचेऱ्या आल्या. इतकं होऊनही रस्त्याच्या बाजूचा कोरीव सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले खांब असे उभे आहेत की समोरून जाणारा रिक्षावालासुद्धा सिग्नलला एकदा वर बघतो. नवऱ्याने खांबाच्या बुंध्याशी उकिडवं बसून तळखडा दाखवला. लाकूड थेट जमिनीत गेलं तर ओल आणि वाळवी लागते, म्हणून ते दगडावर उभं करायचं. "बघ," तो म्हणाला, "इथे शोभेची गोष्टसुद्धा काहीतरी काम करते." हे बोलताना त्याचं लक्ष माझ्या हातातल्या नव्या कुशन कव्हरांच्या पिशवीकडे होतं.

आत्याने सगळं कोरीवकाम, केळफुलं, वेलबुट्टी, शांतपणे न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे पुसतं कोण?"

हा प्रश्न तिने पुढे सगळीकडे विचारला. कुठलंही घर दाखवा, छतापासून जमिनीपर्यंत एकदा नजर फिरवायची आणि विचारायचं, पुसतं कोण. वास्तुकलेवरच्या जाडजूड पुस्तकांत हा मुद्दा मला अजून सापडलेला नाही.

केळकर संग्रहालयात तर तिला कळवळायलाच आलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. त्यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्र्या, दौती असं घरगुती काय काय जमवलं. संग्रह वीस हजारांच्या घरात गेला आणि १९७५ साली त्यांनी तो राज्य सरकारला देऊन टाकला. नाव दिलं अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. एक पुरुष वीस हजार वस्तू घरात आणतो आणि त्याची बायको, कमलाबाई, 'आता आणखी एक अडकित्ता आणलास तर बघ' असं न म्हणता त्याला साथ देते, यापेक्षा ऐतिहासिक गोष्ट मला त्या इमारतीत दुसरी दिसली नाही. नवरा माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत होता. त्याच्याकडे बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर आहेत. मी त्याला सांगितलं, सरकार घेणार असेल तर माझी हरकत नाही.

तिथे मस्तानीमहालही आहे. कोथरूडला होता, तो सोडवून आणून इथे पुन्हा उभा केला. आम्ही कोथरूडचेच. बाकी सगळं पुणं पेठांतून उठून कोथरूडला गेलं. मस्तानीमहाल तेवढा उलटा आला, आणि बघा, टिकला.

आत्या मात्र भांड्यांच्या कपाटापाशी अडकली होती. "हा बंब आमच्याकडे होता. हे घंगाळ होतं. ही तपेली होती." मग कुठे गेलं सगळं? "मोडीत घातलं. स्टील आलं ना तेव्हा! दोन तांब्याचे हंडे दिले आणि सहा स्टीलची ताटं घेतली. आई आठवडाभर शेजारच्या बायकांना बोलावून दाखवत होती." मी तिला म्हटलं, आत्या, तसलं घंगाळ आता दुकानात काही हजारांना मिळतं, लोक त्यात फुलं सोडतात. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चिंचेने कोण घासतं?"

मेणवलीला जाताना नवऱ्याने वही घेतली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांचा वाडा. बाहेरून बघावं तर मोठी थोरली गढी, आणि आत एकामागून एक सहा चौक. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि पहिल्या चौकातून ओसरीवर पाऊल टाकलं तर पायाखालची जमीन गार. पंखा नाही, एसीचा प्रश्नच नाही. नवऱ्याने दारापाशी भिंतीला टेप लावली आणि मला वाकून बघायला लावलं. भिंत कसली, तिच्यात माणूस आडवा झोपेल. ऊन दिवसभर ती जाडी पार करायच्या खटपटीत असतं आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर तापलेली हवा चौकातून वर निघून गेलेली असते. हे त्याने मला इतक्या उत्साहाने सांगितलं की लग्नाआधी आम्ही संभाजी बागेत बसायचो तेव्हाची आठवण झाली. तेव्हाही तो काँक्रीटबद्दलच बोलायचा.

चौक आमच्या इमारतीलाही आहे. त्याला डक्ट म्हणतात. त्यात पाच मजल्यांचे पाइप, कबुतरं आणि वरून पडलेले कपड्यांचे चिमटे असतात. डिझायनर मुलाने त्याच्यावर तोडगा काढला होता: हॉलच्या कोपऱ्यात तीन बाय तीनचा 'इनडोअर चौक', पांढरे गोटे, प्लास्टिकचा बांबू. आणि हो, बुद्ध.

मी आतल्या खोल्यांतून हिंडत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते समजेना. मग लक्षात आलं. सामान नाही. आता वाडा बघायला ठेवलाय म्हणून सामान नाही, असं आधी वाटलं. पण सामान ठेवायची सोयच वेगळी होती. दिव्याला कोनाडा. कपड्यांना भिंतीतून आलेल्या खुंट्या. पोथ्या-पुस्तकांना भिंतीतलंच फडताळ. धान्याला कोठी. अंथरुणं सकाळी गुंडाळली की झोपायची खोली बसायची होते, दुपारी तिथेच पंगत, तिसऱ्या प्रहरी हिशेबाची बैठक. नानांचा पलंग दाखवतात, पण पलंग म्हणजे मालकाची चैन. बाकीच्यांना जमीन. आमच्या हॉलमध्ये सोफा, सोफ्यासमोर टीपॉय, टीपॉयसमोर टीव्हीचं युनिट, मागे डायनिंग टेबल आणि त्याच्या सहा खुर्च्या, ज्यांतल्या दोनांवर गेली काही वर्षं इस्त्रीचे कपडे राहतात. माणसांनी राहायचं ते यांच्यामधल्या बोळांतून. वाड्यातलं जे जे मला आवडत होतं ते विकत आणायचं म्हटलं तर काय आणणार? रिकामी जमीन? ती पुण्यात कोणाला परवडते!

"आम्ही दोन खोल्यांत अकरा माणसं होतो," आत्या ओसरीच्या कडेला बसून म्हणाली. "सोफ्याला ठेचकाळून कुणाचा अंगठा फुटला नाही. बाकी सगळं झालं."

बाकी सगळं म्हणजे काय, ते तिने जावयाला तपशीलवार सांगितलं, कारण जावई तेव्हा मान वर करून छताचा कडीपाट बघत होता. कड्यांवर पाट, पाटांवर माती, आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. खालून दिसतं मोठं देखणं. "वरच्या बिऱ्हाडातली पोरं उड्या मारायला लागली, जावईबापू, की ती माती खाली आमच्या वरणात. आई ताटावर ताट झाकून वाढायची. तुम्ही तो पाट मापताय ना, मापा. पण खाली जेवायला बसू नका." मग जिना: भिंतीच्या पोटातून गेलेला, दिवसाही अंधार, हाताला दोर. मग संडास: सगळ्या वाड्यात मिळून एक, सकाळी टमरेल घेऊन रांग. "त्या रांगेत उभं राहून मी एकदाही वर कोरीवकाम बघितलेलं नाही." मग भाडं: महिन्याला नऊ रुपये. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं जिथल्या तिथे थांबलं आणि त्याबरोबर मालकाची डागडुजीही थांबली. पावसाळ्याआधी कौलं चाळायला सांगितलं की मालक विचारायचा, नऊ रुपयांत कौलं चाळू की पोरांना दूध घालू? त्याचंही बरोबर होतं. आमच्या घरात मात्र पाऊस पडायचा.

"आणि पानशेत?" नवऱ्याने विचारलं. त्याला पुराची गोष्ट आत्याच्या तोंडून ऐकायला आवडते. दर वेळी एखादं मोजमाप नवीन मिळतं.

१२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. आत्या तेव्हा शाळेत होती. सगळी गच्चीवर पळाली, पाणी ओसरल्यावर खाली आली. "मातीच्या भिंती बसल्या होत्या. विरघळून गेल्या साखरेसारख्या. पण खांब आणि तुळया जागच्या जागी. घराचा सांगाडा उभा, आणि आरपार रस्ता दिसतोय."

नवऱ्याने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला नंतर दाखवलं: 'भार भिंतीवर नाही. भार सांगाड्यावर.' जणू डिझायनर मुलाविरुद्धच्या खटल्यात त्याला साक्षीदार मिळाला होता.

जाता जाता घाटावरची घंटा बघितली. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ती टांगली आहे कृष्णाकाठी, देवळाशेजारी. बाहेरून आणलेली वस्तू कुठे लावावी याची ती नानांची निवड आहे आणि मला ती आवडली. आमच्याकडे हल्ली सिंगापूरहून आणलेला सिंह फ्रीजवर आहे. आणि हो, याच वाड्याने 'मेणवली दफ्तर' दिलं, इतिहासाच्या अभ्यासकांचा खजिना. नवरा लगेच म्हणाला, "म्हणून मी कागद टाकत नाही." त्याच्याकडे १९९८ पासूनची लाइटबिलं आहेत. कपाटाचा एक पूर्ण कप्पा. मी त्याला कारमध्ये बसेपर्यंत उत्तर दिलं नाही.

गोव्याला गेलो ते खरं तर लग्नाला, पण नवऱ्याने टेप घेतलीच होती. चांदोरचं मिनेझिस ब्रागांझा घर म्हणजे घर कसलं, रस्त्याच्या एका बाजूचा अख्खा देखावा. खिडक्यांची रांग संपतच नाही. कुटुंबाच्या दोन शाखांत ते मधोमध वाटलं गेलं आहे, पश्चिमेकडचा भाग एकांचा, पूर्वेकडचा दुसऱ्यांचा. एकीकडे पुस्तकांचा मोठा संग्रह. दुसरीकडे नाचाचा दिवाणखाना, झुंबरं, पोर्तुगालच्या राजाने भेट दिलेल्या खुर्च्या आणि प्रार्थनाघरात सेंट झेवियरचं नख. आत्याने नखाला हात जोडले आणि झुंबराकडे बघून हात कपाळाला लावला. लोलक एकेक करून पुसायचे, हे गणित तिच्या मनात चालू होतं.

गोव्याच्या जुन्या घरांत मला हवीहवीशी वाटलेली गोष्ट म्हणजे शिंपल्यांच्या खिडक्या. काच दुर्मीळ होती त्या काळात पातळ, चपट्या शिंपल्यांच्या चकत्या लाकडी चौकटीत ओवून झडपा करत. बाहेरचं ऊन त्यातून गाळून येतं. खोलीतला उजेड दुधाळ होतो आणि त्या उजेडात माझा नवरासुद्धा थोडा देखणा दिसला. किंमत विचारायचीही सोय नाही; या शिंपल्यांना आता कायद्याने संरक्षण आहे. डिझायनर मुलाला फोटो पाठवला तर त्याने पाच मिनिटांत उत्तर दिलं: "काकू, सेम प्रिंट ॲक्रिलिकमध्ये मिळेल."

नवऱ्याला भुरळ पडली बाल्कांवची. दारासमोर पायऱ्या, वर छोटंसं छप्पर आणि दोन बाजूंना एकमेकांसमोर सिमेंटचे सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. संध्याकाळी तिथे बसायचं, रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारायची. आपल्याही दाराबाहेर दोन सोपे बांधायचे, असं त्याने तिथेच ठरवलं. आमच्या सोसायटीत दाराबाहेर चपलांचा स्टँड ठेवला तरी नोटीस येते. शिवाय पाचव्या मजल्यावर रस्त्यावरून जाणारा कोण? स्विगीवाला. त्याला हाक मारायची गरज नसते, तोच मारतो.

परत आल्यावर डिझायनर मुलगा नवं अंदाजपत्रक घेऊन आला. नाव होतं 'वाडा विथ गोवन टच'. खांब तसाच होता, फक्त त्याच्यामागे ॲक्रिलिकची खिडकी आली होती आणि बुद्धाची जागा बदलली होती. एका ओळीवर आत्याने बोट ठेवलं. 'डिस्ट्रेस फिनिश', चौरस फुटाला इतके रुपये. मुलाने आदराने समजावून सांगितलं: नवीन लाकूड घ्यायचं, त्याला साखळीने ठोके मारायचे, वायर ब्रशने घासायचं, मधूनमधून रंग उडवायचा, म्हणजे ते शंभर वर्षांचं वाटतं.

"जुनं दिसायला पैसे पडतात?" आत्या म्हणाली. "मला फुकटात जमलंय."

मुलगा मनापासून हसला. खांब नको, असं नवऱ्याने त्याला सांगितल्यावरही तो रुसला नाही. त्याने ओट्याखालच्या ट्रॉल्या फार चांगल्या करून दिल्या आणि झुरळं खरंच गेली. सोफा आम्ही भाच्याला दिला, टीपॉय त्याच्या मागोमाग गेला. हॉलमध्ये खाली गादी, दोन लोड आणि भरपूर फरशी उरली. फरशी दिसते म्हणजे ती रोज पुसावी लागते. आत्या पुसणाऱ्याचं नाव विचारते आणि नवरा हात वर करतो, हे मी लेखी घेतलं आहे. येणारे पाहुणे दारातच थबकतात आणि हळू आवाजात विचारतात, "कुठे शिफ्ट होताय?"

नवऱ्याला कोनाडाही हवा होता. तो निदान नऊ इंच खोल लागतो आणि आमच्या व शेजारच्यांच्या हॉलमधली भिंत सहा इंची. म्हणजे दिवा आमचा आणि उजेड त्यांच्या टीव्हीवर. ते त्याला हिशेबात पटलं. मग राहिल्या खुंट्या. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे एका पडलेल्या वाड्याच्या सागवानी खुंट्या मिळाल्या, वीतभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. वाड्यात त्या भिंत बांधतानाच आत खोलवर बसवायचे, म्हणून छत्री, पगडी, घोंगडी काहीही टांगा, हलत नाहीत. 'नीट आत गेली पाहिजे' या तत्त्वावर नवऱ्याने रविवारी सकाळी मोठं ड्रिल आणलं.

दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात शेजारच्या वहिनी, केसांवर प्लास्टरची पांढरी धूळ. मी माफीची जुळवाजुळव करत होते, नवरा ड्रिल पाठीमागे धरून उभा होता. खुंटीचं टोक त्यांच्या सोफ्याच्या वर चांगलं दोन बोटं बाहेर आलं होतं.

वहिनींनी आमच्या बाजूने खुंटी नीट पाहिली. मग म्हणाल्या, "भाऊजी, अजून एक मारता का? जरा डावीकडे. तिकडून आलेलीला कालनिर्णय लावलंय, पण किल्ल्यांना आमच्याकडे जागाच नाही."